गुरू दूर, गिटार हाती

वाद्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा उस्तादांचाच इतिहास लिहितात. कोणी कोणते वाद्य कळसाला नेले, कोणत्या राजाने कोणाला आश्रय दिला, कोणत्या मैफलीने रसिकांना वेड लावले, याच्या नोंदी ग्रंथांतून सापडतात. परंतु दिवसभराचे काम आटोपून, दिवेलागणीनंतर खोलीचे दार लोटून घेऊन, चुकतमाकत दोन सूर जुळवू पाहणाऱ्या हौशी माणसाची नोंद कोण ठेवणार? इतर वाद्यांविषयी आम्ही बोलत नाही. परंतु गिटारपुरते तरी आम्हांला असे म्हणावेसे वाटते, की तिचा संसार या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनीच सांभाळला आहे.

अलीकडे पन्नाशी-साठी उलटलेली कितीतरी माणसे गिटार हाती घेताना दिसतात. नोकरीतून मोकळीक मिळालेली असते, मुले आपापल्या मार्गाला लागलेली असतात आणि तरुणपणी मनात राहून गेलेली एक इच्छा पुन्हा डोके वर काढते. घरातील मंडळी कौतुकाने हसतात. शेजारी विचारतात, ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न वरवर थट्टेचा असला, तरी त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या कलेत आपण कधीही प्रवीण होणार नाही हे ठाऊक असते, तिच्यासाठी आयुष्याचा उरलेला वेळ द्यावा का? या प्रश्नाचे उत्तर आम्ही उपदेशात शोधणार नाही. ते इतिहासात शोधावे, असे आम्हांला वाटते. कारण हा प्रश्न चारशे वर्षांचा जुना आहे.

सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये तारवाद्यांची दोन कुळे नांदत होती. व्हिहुएला हे दरबारी आणि विद्वानांचे वाद्य. तिच्यावर अनेक स्वरांची गुंफण एकेका बोटाने छेडून वाजवली जाई आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची मेहनत लागे. गिटार ही तिची धाकटी, साधी बहीण. तिच्यावर आतड्याच्या तातीच्या जोडतारा असत आणि मानेवरचे पडदेही तातीचेच बांधलेले असत. गिटारचे मर्म असे, की ती दोन प्रकारे वाजवता येते. एक तर तारा वेगवेगळ्या छेडाव्यात. किंवा डाव्या हाताच्या दोन-तीन बोटांनी एक ठराविक आकृती धरावी आणि उजवा हात सर्व तारांवरून एकदम फिरवावा. या दुसऱ्या प्रकारात एका हालचालीसरशी संपूर्ण स्वरसंघ उमटतो. आजचे वादक त्यालाच कॉर्ड म्हणतात. अशा चार-पाच आकृत्या साधल्या, की साध्या गाण्याला साथ देता येते. ‘पी हळद आणि हो गोरी’ असे कोणत्याही विद्येत होत नाही. तरी सुरुवातीलाच थोडेसे फळ पदरात टाकणारी वाद्ये फार नाहीत. गिटार त्यांपैकी एक आहे.

हे गुपित ओळखून त्याचे पुस्तक करणारा मनुष्य व्यवसायाने संगीतकार नव्हता. तो वैद्य होता. बार्सिलोनाजवळ मॉन्तसेरात नावाचा प्रसिद्ध डोंगर व त्यावरील मठ आहे. त्याच्या पायथ्याच्या मोनिस्त्रोल गावी ह्वान कार्लोस आमात जन्मला. पाच जोडतारांच्या गिटारविषयीचे त्याचे छोटेखानी पुस्तक १५९६ साली प्रसिद्ध झाले. त्याने बारा तीव्र आणि बारा कोमल अशा चोवीस स्वरसंघांची मांडणी केली, त्यांना आकडे दिले आणि ते एका चक्रात बसवले. ज्याला संगीताचे शास्त्र अवगत नाही, त्यानेही आकडा पाहावा, बोटे ठेवावीत आणि वाजवावे, अशी ही योजना होती. हे पुस्तक दोनशे वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा छापले गेले. एका गावच्या वैद्याने हौशी मंडळींसाठी लिहिलेल्या पुस्तकाला एवढे दीर्घायुष्य लाभावे, यातच त्याची गरज किती होती ते दिसते.

अर्थात ही गोष्ट सर्वांनाच रुचली नाही. कुएंका येथील महामंदिराचा धर्माधिकारी सेबास्तियान दे कोव्हार्रुबियास याने १६११ साली स्पॅनिश भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यात त्याने व्हिहुएला मागे पडल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. गिटार इतकी सोपी आहे, की तबेल्यातला प्रत्येक पोऱ्या आता गिटारवादक झाला आहे, अशा आशयाचा टोमणाही त्याने मारला आहे. विद्वानाची खंत आम्ही समजू शकतो. एक नाजूक, कष्टसाध्य कला त्याच्या डोळ्यांदेखत लोप पावत होती. परंतु त्याच नोंदीची दुसरी बाजू अशी, की घोड्यांना खरारा करणाऱ्या पोराच्या हातीही संगीत आले होते. कोशकाराने जी तक्रार म्हणून लिहिली, तीच आज गिटारच्या बाजूची साक्ष ठरते.

इटलीत याच सुमारास आणखी एक युक्ती प्रचारात आली. १६०६ साली फ्लॉरेन्स येथे जिरोलामो मोन्तेसार्दो याने आपले पुस्तक छापले. त्यात प्रत्येक स्वरसंघासाठी एक अक्षर योजले होते. ही अक्षरे स्वरांची नावे नव्हती. ‘ए’ म्हणजे बोटांची एक आकृती, ‘बी’ म्हणजे दुसरी, एवढाच त्यांचा अर्थ. गाण्याच्या ओळीवर ही अक्षरे छापली, की गाणाऱ्याला साथ कोठे बदलायची ते समजे. आजच्या गीतपुस्तकांत शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची नावे असतात. त्यांची ही पणजीच म्हणावी. एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या वर्णमालेतील ‘जी’ हे अक्षर ज्या स्वरसंघाचे होते, त्याला आज ‘एफ’ म्हणतात. तर्जनी आडवी करून एकाहून अधिक तारा दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी आकृती सांभाळायची, असा त्याचा थाट असतो. आजचा नवशिका नेमका याच ठिकाणी अडखळतो. अक्षर बदलले; अडखळण्याची जागा मात्र तीच राहिली.

१६७४ साली सारागोसा येथे गास्पार सान्स याचे गिटार-शिक्षणाचे पुस्तक बाहेर पडले. सान्स आरागोन प्रांतातील कालांदा गावचा. त्याने सालामांका विद्यापीठात धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि पुढे इटलीत जाऊन संगीत आत्मसात केले. तार कशी निवडावी, पडदे कसे बांधावेत, वाद्य सुरात कसे लावावे, येथपासून त्याने आरंभ केला आहे. स्वरसंघांचा एक तक्ता देऊन त्याला त्याने ‘भूलभुलैया’ असे नाव दिले. नाव घाबरवणारे असले, तरी तक्ता मात्र वाट दाखवणारा आहे. सान्सच्या लहान लहान नृत्यरचना विस्मृतीत गेल्या नाहीत. ह्वाकिन रोद्रिगो या अंध संगीतकाराने १९५४ साली त्यांवर आधारित वाद्यवृंदरचना केली आणि त्या जगभर पुन्हा ऐकू आल्या.

आता आपण स्पेन-इटली सोडून लंडनला जाऊ. येथवर आपण पुस्तके लिहिणाऱ्यांना भेटलो. तेथे आपल्याला एक शिकणारा भेटणार आहे आणि त्याची कहाणी या लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

सॅम्युअल पीप्स हे नाव इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांना त्याच्या रोजनिशीमुळे परिचित आहे. १६३३ साली एका शिंप्याच्या घरी जन्मलेला हा मनुष्य स्वतःच्या कर्तबगारीवर इंग्लंडच्या नौदलाचा प्रमुख प्रशासक झाला. १६६० ते १६६९ या काळातील त्याच्या रोजनिशीत लंडनची प्लेगची साथ आहे, १६६६ ची महाभयंकर आग आहे आणि पानोपानी संगीत आहे. तो ल्यूट वाजवी, व्हायल वाजवी, बासरीच्या जातीचे वाद्य वाजवी, मित्रांबरोबर गाई आणि क्वचित स्वतः चालीही बांधी. गिटारविषयी मात्र त्याचे मत चांगले नव्हते. ५ ऑगस्ट १६६७ रोजी ड्यूक ऑफ यॉर्कच्या महालात त्याने त्या काळचा श्रेष्ठ गिटारवादक फ्रांचेस्को कोर्बेट्टा याला ऐकले. वादन अप्रतिम झाले, असे तो लिहितो. पण इतक्या वाईट वाद्यासाठी एवढे परिश्रम खर्ची पडावेत याचे त्याला वाईट वाटले, हेही तो लिहून ठेवतो.

नियतीचा विनोद असा, की हाच पीप्स पुढे चाळिशी उलटल्यावर गिटार शिकू लागला. मधल्या काळात त्याच्या आयुष्यात पुष्कळ उलथापालथ झाली होती. डोळे जातील या भयाने त्याने १६६९ च्या मे महिन्यात रोजनिशी लिहिणे बंद केले. त्याच वर्षी त्याची पत्नी एलिझाबेथ अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी निवर्तली. मूलबाळ नव्हते. अधिकार वाढला, त्याबरोबर शत्रूही वाढले. लिस्बन येथे व्यापार करणारा त्याचा एक संगीतप्रेमी मित्र होता, टॉमस हिल. त्याच्या शिफारशीवरून १६७५ साली चेझारे मोरेली हा रोममध्ये तयार झालेला गायक-वादक पीप्सच्या घरी राहावयास आला. अनेक भाषा जाणणारा, सौम्य स्वभावाचा हा मनुष्य घरचा संगीतशिक्षक आणि सोबती बनला. एकट्याने गाणाऱ्याला आधार द्यायला गिटारसारखे सोयीचे वाद्य नाही, हे पीप्सला आता उमगलेले दिसते. मोरेली त्याच्यासाठी गाणी उतरवून काढी, ती त्याच्या आवाजाच्या आवाक्यात बसवी आणि खाली गिटारची साथ लिहून देई.

मोरेली कॅथलिक होता. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या इसमाने राजाच्या खुनाचा कॅथलिकांनी कट रचला आहे, अशी धादांत खोटी कहाणी पसरवली आणि सारे इंग्लंड भयाने पछाडले गेले. निरपराध माणसे फासावर गेली. आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना १६८१ साली याच लाटेत देहदंड झाला. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्यांना संतपद दिले. ओट्स खोटी साक्ष दिल्याबद्दल १६८५ मध्ये दोषी ठरला, पण तोवर व्हायची ती हानी होऊन गेली होती. लंडनपासून दहा मैलांच्या आत कॅथलिकांनी राहू नये, असा राजाचा हुकूम १६७८ च्या शरद ऋतूत निघाला. मोरेलीला पीप्सचे घर सोडावे लागले. सुमारे वीस मैलांवरील ब्रेंटवुड गावी तो जाऊन राहिला.

पीप्सच्या शत्रूंना हे निमित्त पुरेसे होते. घरी ठेवलेला संगीतकार हा वेषांतर केलेला धर्मगुरू आहे आणि पीप्स स्वतः छुपा कॅथलिक असून नौदलाची गुपिते फ्रान्सला विकतो, असे आरोप पार्लमेंटात झाले. १६७९ च्या मे महिन्यात त्याचे पद गेले आणि त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैद करण्यात आले. जुलैमध्ये तो जामिनावर सुटला. परंतु डोक्यावरची तलवार हटायला १६८० चा जून उजाडावा लागला. पुरावा कोणापाशीच नव्हता, कारण गुन्हाच नव्हता.

अशा काळात शहाण्या माणसाने काय केले असते? ज्या मनुष्यामुळे आपल्यावर बालंट आले, त्याच्याशी संबंध तोडले असते. पीप्सने तसे केले नाही. लंडन आणि ब्रेंटवुड यांमध्ये पत्रे जात-येत राहिली आणि संगीताचे कागदही येत राहिले. शिष्य लंडनमध्ये, गुरू वीस मैलांवर. एकत्र बसण्याची सोय नाही. तेव्हा जवळ बसून बोटे धरून जे दाखवायचे, ते कागदावर कसे उतरवावे? मोरेलीने १६८० साली पीप्ससाठी ‘गिटारचा तक्ता’ तयार केला. सप्तकातील प्रत्येक स्वर, शुद्ध असो, कोमल असो की तीव्र. त्यासाठी हात मानेवर कसा ठेवायचा आणि त्याच्या जोडीला कोणता स्वरसंघ वाजवायचा, हे त्यात क्रमाने दाखवले आहे. त्या वेळी पीप्स सत्तेचाळीस वर्षांचा होता. सतराव्या शतकाच्या मानाने हे वय शिकाऊ उमेदवाराचे खासच नव्हे.

या तक्त्याकडे आम्ही केवळ शिक्षणाचे साधन म्हणून पाहू शकत नाही. आमातने आपले चक्र अनोळखी वाचकांसाठी रचले होते. मोरेलीचा तक्ता एका विशिष्ट माणसासाठी, त्याच्याच गरजेतून जन्मला. तो करणारा स्वतः परागंदा होता. ज्याच्यासाठी केला तो बदनाम झालेला होता. दोघांवरही संशयाची छाया होती. अशा दोघांना बांधून ठेवणारा धागा राजकारणाचा नव्हता, धर्मपंथाचाही नव्हता. डावा हात कोठे ठेवावा, एवढ्याच साध्या गोष्टीचा तो धागा होता.

पीप्सने मोरेलीच्या हातची गाणी बांधून आपल्या ग्रंथालयात जपून ठेवली. ‘हॅम्लेट’मधील सुप्रसिद्ध स्वगताला गिटारच्या साथीसह दिलेली चालही त्या संग्रहात आहे. १७०३ साली पीप्स वारला. त्याचे सुमारे तीन हजार ग्रंथ १७२४ साली केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पोहोचले. त्यांत काही भर घालू नये, त्यांतून काही काढू नये, अशी अट होती आणि ती आजवर पाळली गेली. त्यामुळे नौदलाच्या कागदपत्रांच्या शेजारीच एका हौशी शिकाऊ माणसाची गिटारची पाने सुखरूप राहिली. गिटारवादक म्हणून पीप्सला कोणी ओळखत नाही. तरीही त्या काळी एका प्रौढ गृहस्थाने गिटार कशी शिकली, हे आज त्या पानांवरूनच समजते.

यानंतर गिटारचे रूप पालटत गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा जाऊन सहा एकेरी तारा आल्या. मॉन्तसेरातच्या ज्या डोंगराच्या पायथ्याशी आमात जन्मला होता, त्याच डोंगरावरील मठाच्या गायनशाळेत फेर्नांदो सोर वाढला. १८३० साली पॅरिसमध्ये त्याने विचारपूर्वक लिहिलेली शिक्षणपद्धती छापली. तथापि साध्या साथीची गिटार उस्तादांच्या सावलीत कोमेजली नाही. त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण नाताळचे आहे. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे साहाय्यक धर्मगुरू फादर जोसेफ मोर यांच्या शब्दांना शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांनी चाल दिली आणि ‘सायलेंट नाईट’ या नावाने जगभर पसरलेले गीत त्या रात्री गिटारच्या साथीवर गायिले गेले. उंदरांनी ऑर्गन कुरतडल्याची कथा मागाहूनची आहे. ग्रुबर यांनी १८५४ साली लिहून ठेवलेल्या हकिगतीत ती नाही. फादर मोर यांची गिटार हालाइन गावच्या संग्रहालयात आहे. दोन पुरुषांचे आवाज, मागे गायनवृंद आणि एक गिटार, एवढ्याने काम झाले.

विसाव्या शतकात पोलादी तारांची गिटार घरोघर गेली. १९३० नंतर विजेवर चालणारी गिटार पुढे आली, तेव्हा कुठे जुन्या गिटारला ‘अकूस्टिक’ हे विशेषण लावण्याची गरज पडली. तोवर गिटार म्हणजे नुसती गिटारच होती. लंडनमध्ये १९२९ साली डॉ. बोरिस पेरॉट यांच्या पुढाकाराने गिटारप्रेमींचे मंडळ निघाले. वाद्याला फारशी प्रतिष्ठा नसलेल्या त्या काळात हौशी माणसे तेथे जमत आणि एकमेकांना वाजवून दाखवत. पुढे जगप्रसिद्ध झालेला ज्युलियन ब्रीम बालपणी याच मंडळाच्या कौतुकात वाढला. हौशी माणसे उस्ताद होत नाहीत. परंतु उस्ताद रुजावा अशी जमीन तीच तयार करतात. १९५७ साली बर्ट वीडन यांचे एका दिवसात गिटार शिकवण्याचे आश्वासन देणारे पुस्तक निघाले. एका दिवसात कोणी शिकले नाही, पण आरंभ करण्याचा धीर असंख्यांना आला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला आणि ऑर्गनखेरीज इतर योग्य वाद्यांना वाट करून दिली. त्यानंतर धर्मग्रामांच्या गायनवृंदांतही गिटार स्थिरावली.

आज पन्नाशीनंतर शिकू लागलेल्या माणसाच्या अडचणी काय असतात? तारेने बोटांची टोके दुखतात; काही आठवड्यांनी तेथे घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. सांधे आखडलेले असतील, तर नायलॉनच्या तारांची गिटार अधिक सुखाची ठरते. एका स्वरसंघावरून दुसऱ्यावर जाताना ताल सुटतो. त्याला घाईचा उपाय नाही. गती निम्म्यावर आणून तोच बदल रोज थोडा वेळ करीत राहावे लागते. या साऱ्या अडचणींवर एकमेकांना धीर देणारी माणसे आता संगणकाच्या पडद्यावरूनही भेटतात. दूरच्या शहरातला, कधी न पाहिलेला सहाध्यायी बोटांचा तक्ता पाठवतो. सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा, त्यांवरील आकडे म्हणजे पडदे. रेषांवर आकडे मांडण्याची ही रीत सतराव्या शतकातल्या इटलीत जशी होती, जवळपास तशीच आजही आहे. ब्रेंटवुडहून लंडनला येणारा कागदच जणू वेगळ्या वाटेने येतो.

‘या वयात कशाला?’ या प्रश्नाकडे आता पुन्हा वळू. आपल्याकडे विद्या गुरुमुखातून घ्यावी असा संकेत आहे आणि गुरूवाचून शिकणारा म्हटले, की आपल्याला एकलव्य आठवतो. परंतु एकलव्य एकटा होता. गिटारचा इतिहास एकट्याने शिकणाऱ्यांचा दिसला, तरी त्यातला प्रत्येक जण कोणीतरी आपल्यासाठी आखून ठेवलेल्या कागदावर बोट ठेवूनच पुढे गेला आहे. वैद्याने अनोळखी माणसांसाठी चक्र आखले. परागंदा गायकाने बदनाम मित्रासाठी तक्ता आखला. घेणारे वादक म्हणून मोठे झाले की नाहीत, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. जो प्रवीण होईल त्यालाच शिकवायचे, असा नियम असता, तर यातला एकही कागद लिहिला गेला नसता.

तेव्हा संध्याकाळी बोटांची टोके चोळत ‘एफ’पाशी अडलेल्या वडीलधाऱ्या माणसाला हसण्यापूर्वी थोडे थांबावे. इंग्लंडच्या नौदलाचा कारभार वाहिलेला, तुरुंग पाहून आलेला एक मनुष्य सत्तेचाळिसाव्या वर्षी नेमका तेथेच बोटे चाचपत होता. एके काळी वाईट म्हणून हिणवलेले ते वाद्य त्याने त्या कठीण वर्षांत हातावेगळे केले नाही आणि ते शिकवणाऱ्या मित्रालाही अंतर दिले नाही.